मागच्या चाकांना किती

पुढे डिस्क बसल्या आणि गाडी थांबायला शिकली,
पण अर्धीच.

एकाहत्तर सालची फियाट,
द्वारकेच्या अलीकडे, युनूस अत्तारच्या शेडमध्ये
चार स्टँडांवर उभी.
पुढे नवे कॅलिपर, मागे तेच जुने ड्रम.
युनूस म्हणतो, गायधनीबाई,
पायाचा जोर एकच असतो.
त्यातला पुढे किती, मागे किती, हे पाय ठरवत नाही.
हा ठरवतो,
आणि तळहातावर ठेवतो पितळेचा व्हॉल्व,
चुन्याच्या डबीएवढा.

मी सातपूरला एकतीस वर्षं गेज धरून उभी राहिले.
माझ्या सहीशिवाय एक बुशिंग गेटबाहेर गेलं नाही.
पण थांबताना वजन कुठे जातं
हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं.

पुढे जातं, युनूस म्हणाला.
डिकीतली स्टेपनी, मागच्या सीटवरचे पाहुणे,
टाकीतलं पेट्रोल, सगळं बोनेटकडे झुकतं,
पंगतीत तूप आलं की माना वळतात तसं.
मागची चाकं उरतात हलकी, रस्त्याला नुसती टेकलेली.
त्यांना पुढच्याइतकं दाबलं
की ती आधी जाम होतात,
आणि शेपूट तोंडाच्या पुढे जायला बघते.

भद्रकालीच्या भंगारात व्हॅनचा व्हॉल्व मिळत होता.
दोनशे रुपये. आटे जुळत होते.
पैसे हातात काढले होते मी.
बसेल, युनूस म्हणाला,
पण त्याला व्हॅनचं वजन पाठ आहे.
तुमच्या गाडीत बसून तो व्हॅनच थांबवत राहील.
आमच्याकडे पुण्याच्या प्लँटमधून आलेला
एक मॅनेजर आठवला मला.
पैसे परत पर्समध्ये.

मग हा, नॉब फिरवायचा.
सोळा दिवस कुरियरची वाट पाहून आलेला.
तोवर युनूसने पुढच्या लायनीतली
दाब धरून ठेवणारी चकती काढून टाकली.
ड्रमला थोडं धरून ठेवावं लागतं,
डिस्कला सोडावं लागतं पूर्ण,
नाहीतर ती घासत राहते, तापते,
आणि कुणाला सांगत नाही.

सुट्टीचा दिवस, पहाटे सहा,
अंबडच्या कारखान्यांमागचा मोकळा रस्ता.
युनूसची शबनूर कडेला उकिडवी, हातात खडू,
डोळे चाकांच्या उंचीवर.
साठचा वेग. पेडल.
"मागची!"
गाडी तिरकी होऊन
एका कंपनीचा बोर्ड वाचायला निघाली होती.

नॉब अर्धा आटा.
"मागचीच!"
आणखी अर्धा.
"दोन्ही एकदम!"

मी खूश. एकसारखं म्हणजे पास,
एकतीस वर्षं हेच तर लिहिलं.
युनूसने मान हलवली.
बरोबरी नको, बाई.
कसाऱ्याला उतरताना मागचं आणखी हलकं होतं.
पुढच्यांनी एक श्वास आधी थांबायला हवं.

पाव आटा.
पेडल.
रबराचा वास, सीटखालून घरंगळत आलेला पाना,
आणि शबनूरचा आवाज, जरा उशिरा:
"पुढची! मागची अजून फिरत होती!"

रस्त्यावर दोन काळ्या रेघा, सरळ.
मी टेप लावलाच.
दोन्हींत चार बोटांचा फरक.
कारखान्यात असते तर परत पाठवलं असतं.
इथे मी नॉबवर नेलपेंटचा ठिपका दिला,
गडद लाल, भाचीच्या लग्नातला उरलेला,
आटा सरकला तर कळावा म्हणून.

परतताना पाथर्डी फाट्याला रिक्षा आडवी आली.
हलकेच ब्रेक. गाडी थांबली.
इतक्याशा दाबाला, युनूस म्हणाला,
तो व्हॉल्व काहीच करत नाही.
जेवढं पुढे, तेवढंच मागे जाऊ देतो.
रिक्षावाला पान थुंकून निघून गेला.
सिग्नल हिरवा झाला तरी
माझा पाय पेडलवरच होता.